संगणक-खेळांचा कित्ता

अक्षर वळणदार व्हावें म्हणून मुलें कित्ता गिरवीत. गिरवितां गिरवितां हाताला वळण लागे आणि पुढें स्वतःचें अक्षर उमटूं लागे. संगणकावरील खेळ रचण्याची विद्या हौशी मंडळींनीं मिळविली ती अशाच रीतीनें. त्यांना शाळा नव्हती, गुरु नव्हता. होता तो केवळ दुसऱ्यानें लिहिलेला मजकूर.

आरंभीं ही विद्या फार थोड्यांच्या हातीं होती. अमेरिकेंतील एम. आय. टी. या संस्थेंत स्टीव्ह रसेल व त्याचे सहकारी यांनीं १९६२ सालीं 'स्पेसवॉर' हा खेळ रचला; पण ज्या यंत्रावर तो चाले, त्याची किंमत लाखाहून अधिक डॉलर होती. ही कोंडी हळूहळू फुटली. १९६४ सालीं डार्टमथ कॉलेजांत जॉन केमेनी व थॉमस कर्ट्झ या गणितज्ञांनीं 'बेसिक' ही सोपी संगणक-भाषा सुरू केली. १९७३ सालीं डेव्हिड आल यानें त्या भाषेंतील खेळ एका पुस्तकांत छापून काढले. घरगुती संगणक बाजारांत आल्यावर, १९७८ सालीं, त्याची नवी आवृत्ती निघाली.

त्या पुस्तकांत 'हमुराबी' नांवाचा एक खेळ आहे. खेळणारा हा सुमेर देशाचा राजा. त्यानें दहा वर्षें राज्य करावयाचें. पदरीं १०० माणसें, १००० एकर जमीन आणि २८०० बुशेल धान्य. बुशेल हें तिकडील धान्याचें माप. माणशीं वर्षाला २० बुशेल लागतात. प्रजेला किती द्यावें आणि किती पेरावें, हें राजानें ठरवावयाचें. उंदीर आणि रोगराई यांचें भय निराळेंच. पण छापील ओळी कळफलकावर एकेक करून उतरविल्याखेरीज हें राज्य हातीं येत नसे. एक चिन्ह चुकलें कीं यंत्र अडे. मग ओळ न् ओळ पुस्तकाशीं ताडून पाहावी लागे, आणि त्या शोधांतच कोणती ओळ कोणतें काम करते हें उमगे. एखादें धीट मूल २० च्या जागीं १५ घालून पाही. तेवढ्याच धान्यांत अधिक प्रजा जगे! त्या क्षणीं खेळणाऱ्याचा रचनाकार होई.

१९८२ सालीं ब्रिटनमध्यें आलेला 'झेडएक्स स्पेक्ट्रम' हा स्वस्त संगणक सुरू करतांच बेसिकच्या आज्ञेची वाट पाही. पुढच्याच वर्षीं त्यावरील 'मॅनिक मायनर' हा खेळ गाजला. तो यंत्राच्या मूळ भाषेंत रचणारा मॅथ्यू स्मिथ अवघा १७ वर्षांचा होता.

पुढें मात्र वारे फिरले. निकृष्ट खेळांच्या सुळसुळाटानें १९८३ सालीं अमेरिकेंतील हा धंदा कोसळला. १९८५ मध्यें तेथें आलेल्या 'निन्टेन्डो'च्या यंत्रांत म्हणूनच एक कुलूप बसविलेलें होतें; परवानगीवांचून केलेला खेळ त्यावर चालत नसे. बंदोबस्त सकारण होता. पण खेळ घरोघर पोहोंचला आणि कित्ता दिसेनासा झाला. घरांत खेळणारे वाढले, तरी खेळाच्या आंत डोकावण्याची वाट त्यांना उरली नाहीं.

हौस तरीही मेली नाहीं. जपानमध्यें दाइसुके अमाया यानें फावल्या वेळांत सुमारें पांच वर्षें खपून कथा, चित्रें, संगीत सारें एकट्यानें सिद्ध केलें आणि २००४ सालीं 'केव्ह स्टोरी' हा खेळ लोकांना फुकट दिला. २००७ सालीं एम. आय. टी. नेंच 'स्क्रॅच' हें साधन मुलांसाठीं खुलें केलें. त्यांत दुसऱ्यानें प्रसिद्ध केलेला खेळ उघडून त्याची रचना पाहतां येते आणि तींत फेरफारही करतां येतो. कित्ता पुन्हां हातीं आला.

खेळ सुरेख आहे, एवढ्यानें नवा रचनाकार घडत नाहीं. खेळाच्या आंतली ओळ कोणाला तरी वाचावयास मिळावी लागते, आणि ती चुकविण्याची व बदलण्याची मोकळीक असावी लागते.