रीस्टार्टच्या भीतीची कुळकथा

‘संगणक सारखा रीस्टार्ट करू नका, आतले भाग झिजतात,’ हा सल्ला कचेऱ्यांत, सायबर कॅफेत आणि घराघरांत दिला गेला आहे. तो निव्वळ भाबडेपणातून आलेला नाही. ही भीती जन्मली तेव्हा अगदी खरी होती. तिचं जन्मस्थान म्हणजे काचेचा व्हॉल्व्ह.

जुन्या रेडिओत असायचा तोच हा व्हॉल्व्ह. त्याच्या पोटातली तार तापून लाल झाल्याशिवाय तो काम करत नाही. थंड धातू विजेला फारसा अडवत नाही. टंगस्टनचा थंड असतानाचा रोध तापलेल्या अवस्थेतल्या रोधाच्या सुमारे एक दशांश असतो. त्यामुळे बटण दाबताच पहिल्या क्षणी तारेतून नेहमीपेक्षा कितीतरी जास्त प्रवाह धावतो. शिवाय तापताना धातू आणि काच फुगतात, निवताना आकसतात. व्हॉल्व्ह बहुधा याच ओढाताणीत जायचा, चालू असताना क्वचित.

लंडनच्या डॉलिस हिल इथल्या पोस्ट खात्याच्या संशोधन केंद्रातल्या टॉमी फ्लॉवर्स या अभियंत्याला हे टेलिफोन एक्स्चेंजच्या कामातून उमगलं होतं. एक्स्चेंज कधी बंद होत नाही, आणि तिथले व्हॉल्व्ह वर्षानुवर्षं टिकतात, हे त्याने पाहिलं होतं. दुसऱ्या महायुद्धात जर्मन सांकेतिक संदेश फोडण्यासाठी त्याने सुमारे १,६०० व्हॉल्व्हचं यंत्र सुचवलं, तेव्हा इतके व्हॉल्व्ह एकत्र चालणार नाहीत, अशी शंका ब्लेचली पार्क या ब्रिटिश संकेतभेद केंद्रातल्या जाणत्यांनी घेतली. फ्लॉवर्सचं उत्तर सरळ होतं: यंत्र चालू करा आणि बंद करूच नका. १९४४च्या सुरुवातीला ‘कोलोसस’ कामाला लागलं आणि त्याचं म्हणणं खरं ठरलं. माझ्या मते यंत्र बंद न करण्याच्या सवयीच्या जनकत्वाचा मान फ्लॉवर्सलाच द्यायला हवा. पण कोलोसस १९७०च्या दशकापर्यंत गुपित राहिलं, त्यामुळे त्याचा धडा बाहेर पोहोचलाच नाही.

अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात तो पुन्हा नव्याने शिकावा लागला. एकर्ट आणि मॉकली यांनी बांधलेला, १९४६मध्ये जगासमोर आलेला ‘एनियाक’ हा संगणक जवळजवळ १८,००० व्हॉल्व्हचा होता. सुरुवातीला रोज काही व्हॉल्व्ह जळत आणि यंत्राचा निम्मा वेळ दुरुस्तीतच जाई. बरेचसे बिघाड तापताना आणि निवताना होतात हे कळल्यावर एनियाक रात्रंदिवस चालू ठेवू लागले. पुढे बिघाडाचं प्रमाण सुमारे दोन दिवसांत एका व्हॉल्व्हवर आलं. मेरीलँडमधल्या ॲबरडीनला हलवल्यावर २९ जुलै १९४७ रोजी सुरू केलेलं हे यंत्र २ ऑक्टोबर १९५५च्या रात्री कायमचं थांबवण्यात आलं. १९५४मध्ये ते सलग ११६ तास एकही बिघाड न होता चाललं, आणि तोच त्याचा उच्चांक. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६०मध्ये कार्यान्वित झालेला ‘टिफ्रॅक’ही याच कुळातला, सुमारे २,७०० व्हॉल्व्हचा.

ट्रान्झिस्टर आले आणि व्हॉल्व्ह गेले. भीतीही तिथेच संपायची, पण तिला हार्ड डिस्कचा आसरा मिळाला. डिस्कची तबकडी वेगाने फिरते तेव्हा वाचणारं हेड हवेच्या पातळ थरावर तरंगतं. जुन्या डिस्कमध्ये वीज गेली, वेग मंदावला की हेड तबकडीवरच उतरायचं आणि पुढच्या वेळी घासत उठायचं. अशा चढउतारांची मर्यादा कंपन्या माहितीपत्रकात छापत. ती साधारण ४०,००० ते ५०,००० असे. रोज दहा वेळा चालू-बंद केलं, तरी ४०,००० व्हायला जवळजवळ अकरा वर्षं लागतात. नंतरच्या डिस्कमध्ये हेड तबकडीबाहेरच्या उतरणीवर विसावू लागलं आणि मर्यादा काही लाखांवर गेली.

मदरबोर्डवरच्या डाखांबद्दलची शंकाही तथ्याची आहे. तार पुन्हापुन्हा वाकवली की तुटते, तसा तापून-निवून धातू थकतो. मात्र हा थकवा तापमानातल्या फरकावर ठरतो, आणि रीस्टार्टमध्ये तो फरक किरकोळ असतो.

कारण रीस्टार्ट म्हणजे वीज तोडणं नव्हे. १९८१च्या आयबीएम पीसीसाठी डेव्हिड ब्रॅडली यांनी कंट्रोल, ऑल्ट, डिलीट या तीन कळांची युक्ती काढली. वीज बंद करून सुरुवात केली की दरवेळी मेमरीची लांबलचक तपासणी होई, ती टाळणं हाच तिचा हेतू. वीजपुरवठा चालूच, डिस्क फिरतेच आहे, फक्त प्रोग्रॅम पहिल्यापासून सुरू होतात. व्हॉल्व्हच्या काळातली भीती आपण जिला चिकटवली, ती ही क्रिया.

ती इतकी घट्ट चिकटली, याला आणखी एक कारण आहे. वर्षानुवर्षं अखंड चाललेला संगणक एक दिवस बंद केला की पुन्हा सुरू होत नाही, हा अनेकांचा अनुभव आहे. दोष बंद करण्यावर येतो. वास्तविक पॉवर सप्लायमधले कपॅसिटर चालू असतानाच्या उष्णतेने आधीच सुकत आलेले असतात, पंख्याचे बेअरिंग तासागणिक झिजत असतात. सुरू होतानाचा ताण ते दुखणं उघडं पाडतो. म्हणजे झीज टाळायला यंत्र चोवीस तास चालू ठेवणारा माणूस झीजच वाढवतो, आणि विजेचं बिलही.

आजच्या एसएसडीत फिरणारा भागच नाही. तिथे खरा धोका अचानक वीज जाण्याचा आहे, कारण लिहिणं अर्धवट राहून फायली बिघडू शकतात. लोडशेडिंगमध्ये यूपीएस लावणारे योग्यच करत होते. मेनूतून दिलेल्या रीस्टार्टमध्ये मात्र सगळं नीट मिटवूनच यंत्र पुन्हा उठतं.

तेव्हा संगणक अडखळू लागला तर बिनधास्त रीस्टार्ट करा, दिवसातून चार वेळा करावा लागला तरी हार्डवेअरची काळजी करू नका. फक्त वारंवार ती वेळ येत असेल तर मूळ बिघाड शोधा. आणि विंडोज वापरत असाल तर एवढं ध्यानात ठेवा: विंडोज ८पासून ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर ‘शट डाउन’ केल्यावर प्रणालीचा गाभा डिस्कवर साठवून पुढच्या वेळी तसाच उचलला जातो. पूर्ण नवी सुरुवात ‘रीस्टार्ट’नेच होते.