पांच सेंट आणि पांढरा डगला

परक्याच्या हातचें अन्न खावें कीं न खावें, हा प्रश्न आपल्या समाजानें शतकानुशतकें इतक्या कसोशीनें चघळला कीं त्यावर एक स्वतंत्र शास्त्रच उभें राहिलें. अमेरिकेंतील न्यूयॉर्क शहरापुढें तोच प्रश्न एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निराळ्या रूपानें आला. तेथें सोंवळ्याओंवळ्याचा विचार नव्हता. परंतु जहाजांतून उतरणाऱ्या लाखों लोकांत कोणीच कोणास ओळखत नव्हतें, दोन प्रहरीं घरीं जाऊन जेवण्याची कामकऱ्यास सवड नव्हती, आणि रस्त्यावर जें स्वस्त मिळे तें पुष्कळदां खिम्याचें असे. खिम्यांत काय घातलें आहे तें खाणारास दिसत नाहीं. हॉटडॉग व बर्गर या दोन पदार्थांचा त्या शहरांतील इतिहास म्हणजे आमच्या मतें मुख्यतः या एका अडचणीचा इतिहास होय. न्यूयॉर्कांत हे पदार्थ कोठें खावे, असें तिकडे जाणारे तरुण नेहमीं विचारतात. त्याचें उत्तरही या इतिहासांतूनच निघतें.

हॉटडॉग म्हणजे लांबट पावांत घातलेलें गरम सॉसेज, आणि बर्गर म्हणजे गोल पावांत घातलेली खिम्याची भाजलेली चपटी वडी. दोहोंचेंही कुळ जर्मन. फ्रँकफर्टर व हँबर्गर हीं त्यांचीं जुनीं नांवें फ्रँकफुर्ट व हँबुर्ग या शहरांवरून पडलीं. ‘कुत्रा’ हें दुसरें नांव मात्र अमेरिकेनें दिलें, आणि त्यांत थट्टेबरोबर संशयही होता. सॉसेजांत कशाचें मांस असेल याचा नेम नाहीं, हा तो संशय. एका व्यंगचित्रकारास जर्मन कुत्र्याच्या जातीचें अवघड नांव लिहितां येईना, म्हणून त्यानें चित्राखालीं नुसतें ‘हॉटडॉग’ लिहिलें, अशी एक गोष्ट सांगतात. ती रसाळ आहे, पण तसलें चित्र शोधकांस कोठेंही सांपडलेलें नाहीं. उलट १८९५ च्या सुमारास येल विद्यापीठांतील विद्यार्थ्यांच्या विनोदी लिखाणांत हा शब्द आढळतो. म्हणजे पदार्थ गाडीवर आला न आला तोंच गिऱ्हाइकानें त्याचें नांव अविश्वासानें ठेविलें.

न्यूयॉर्कच्या दक्षिणेस ब्रुकलिनच्या टोकाशीं कोनी आयलंड नांवाचा समुद्रकिनारा आहे. चार्ल्स फेल्टमन हा जर्मन भटारी १८५६ सालीं अमेरिकेंत आला आणि तेथें गाडीवरून खाण्याचे जिन्नस विकूं लागला. १८६७ सालीं त्यानें गाडींत शेगडी बसवून घेतली व पावांत घातलेलें गरम सॉसेज विकावयास आरंभ केला, असें परंपरा सांगते. काटे-सुऱ्या, ताटें, टेबलें कांहीं नकोत. हातांत धरावें आणि वाळूंतून हिंडत खावें. पुढें फेल्टमनचा उत्कर्ष एवढा झाला कीं, गाडीच्या जागीं एकाच वेळीं हजारों माणसें बसतील असें प्रचंड उपाहारगृह उभें राहिलें. तो १९१० सालीं वारला, तेव्हां त्याच्या सॉसेजाची किंमत दहा सेंट होती.

या उपाहारगृहांत पाव कापण्याच्या कामावर नेथन हँडवर्कर नांवाचा एक पोरगेला ज्यू होता. पोलंडाकडील गॅलिशिया प्रांतांत दारिद्र्यांत वाढलेला हा मुलगा १९१२ सालीं न्यूयॉर्कास आला. त्यानें तीनशें डॉलर शिल्लक टाकले आणि १९१६ सालीं सर्फ व स्टिलवेल या रस्त्यांच्या कोपऱ्यावर स्वतःचें लहानसें दुकान थाटलें. मालकाचें दहा सेंट, तर याचें पांच. पण येथेंच घोडें अडलें. निम्म्या किंमतींत हा मनुष्य विकतो, त्या अर्थीं मांसांत कांहीं काळेंबेरें असलें पाहिजे, असें लोकांस वाटलें.

लोकांचा हा संशय उगाच नव्हता. दहाच वर्षांपूर्वीं, १९०६ सालीं, अप्टन सिंक्लेअर यांची ‘द जंगल’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली होती. शिकागोच्या कत्तलखान्यांतील मजुरांचे हाल वेशीवर टांगावे हा त्यांचा हेतु. परंतु वाचक मजुरांसाठीं हळहळण्याऐवजीं आपल्या पोटाच्या काळजीनें हादरले. त्याच वर्षीं ३० जून रोजीं मांसाच्या तपासणीचा व शुद्ध अन्नाचा असे दोन कायदे झाले. कायदा झाला म्हणून भय लगेच जातें असें नाहीं. सरकारी शिक्का कारखान्यांतील मांसावर बसतो. कोपऱ्यावरच्या दुकानदाराच्या हातावर तो कोण बसविणार?

नेथननें यावर केलेली युक्ति कोनी आयलंडाच्या दंतकथांत अमर झाली आहे. त्यानें म्हणे कांहीं माणसांस पांढरे डगले घालावयास दिले, गळ्यांत डॉक्टरांची नळी अडकविली आणि दुकानासमोर उभें राहून सॉसेज खावयास सांगितलें. डॉक्टर जें खातात तें वाईट कसें असेल, असें म्हणून गिऱ्हाईक लोटलें. तपशील सांगणारागणिक बदलतो, पण गोष्ट त्या घराण्याच्या धंद्यांत अभिमानानें सांगितली जाते, हें ध्यानांत घेण्याजोगें आहे. ही लबाडीच, असें कोणी म्हणेल. आम्हीही तसेंच म्हणूं. मात्र तिच्यामागें सॉसेज वाईट असतें, तर ती एक हंगामभर चालली असती, शंभर वर्षें नव्हे. पुढें १९२० च्या सुमारास शहरी रेल्वे थेट त्याच कोपऱ्यापर्यंत आली. तिचें भाडेंही पांच सेंट, आणि तें १९४८ पर्यंत तेवढेंच राहिलें. पांच सेंटांत समुद्र आणि पांच सेंटांत फराळ! ज्यांचें सारें आयुष्य कोंदट चाळींत गेलें त्यांस रविवारची ही चैन परवडूं लागली. फेल्टमनचें भव्य उपाहारगृह १९५४ सालीं बंद पडलें. पाव कापणाऱ्या नोकराचें दुकान अद्यापि त्याच कोपऱ्यावर आहे.

बर्गराची गोष्ट आम्ही थोडक्यांत सांगतों, कारण त्याचा जन्म कोठें झाला याविषयीं अमेरिकेंतील चार-पांच गांवें आपसांत भांडत आहेत आणि त्या भांडणांत पडण्याची आमची इच्छा नाहीं. पण खिम्याविषयींचा तोच संशय येथेंही आडवा आला, आणि उपायही तोच सांपडला. १९२१ सालीं कॅन्सस संस्थानांतील विचिटा येथें ‘व्हाइट कॅसल’, म्हणजे पांढरा किल्ला, या नांवाचें दुकान निघालें. किंमत पुनः पांच सेंट. इमारत पांढरी, नोकरांचे कपडे पांढरे, आणि बर्गर गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर तव्यावर भाजावयाचा. १९३० च्या सुमारास ही कंपनी न्यूयॉर्ककडे आली, आणि त्याच सुमारास तिनें एक विलक्षण प्रयोग करविला. मिनेसोटा विद्यापीठांतील एका विद्यार्थ्यास तेरा आठवडे केवळ बर्गर व पाणी यांवर ठेवण्यांत आलें. त्याची प्रकृति उत्तम राहिली, असें कंपनीनें जाहीर केलें. नेथनचे डॉक्टर भाड्याचे होते, हे खरे होते. दोघांचें काम मात्र एकच.

कायदा आणि पांढरा रंग यांहून जुना असा विश्वासाचा तिसरा आधार धर्माचा. मॅनहॅटनच्या पूर्व भागांतील ज्यू वस्तींत १९०५ सालीं ‘हिब्रू नॅशनल’ ही कंपनी निघाली. ज्यू धर्मांत डुकराचें मांस निषिद्ध आणि कत्तलीवर धर्माधिकाऱ्यांची देखरेख. तेव्हां त्या सॉसेजांत भलतेंसलतें कांहीं असणार नाहीं, अशी खात्री ज्यूंस तर होतीच, पण पुढें ख्रिस्ती गिऱ्हाइकांसही पटली. सरकारहून वरच्या सत्तेस आम्ही जबाबदार आहों, या अर्थाची जाहिरात त्या कंपनीनें कित्येक वर्षें केली. सोंवळें पाळणारास हा युक्तिवाद समजावून सांगण्याची गरज नाहीं.

न्यूयॉर्कचें प्रसिद्ध सॉसेज बहुतेक गोमांसाचें असतें तें या ज्यू परंपरेमुळेंच. बर्गराचेंही तसेंच. आमच्या वाचकांपैकीं अनेकांस तें वर्ज्य आहे, आणि तिकडे गेलेल्या आपल्या मुलांनीं विचारल्यावांचून खाऊं नये हें उत्तम. विचारण्यांत संकोच नसावा. त्या शहरांत खाण्याचे निर्बंध नसलेला मनुष्यच विरळा.

या गरिबांच्या अन्नास प्रतिष्ठा मिळाली ती ११ जून १९३९ रोजीं. अध्यक्ष रूझवेल्ट यांनीं हडसन नदीकांठच्या आपल्या हाइड पार्क येथील निवासस्थानीं इंग्लंडचे राजे सहावे जॉर्ज व राणी यांस वनभोजनास बोलाविलें आणि त्यांच्यापुढें हॉटडॉग ठेविले. त्या वेळीं आपल्याही देशावर याच बादशहाचें राज्य होतें. महायुद्ध तोंडावर आलेलें. इंग्लंडास अमेरिकेचें साहाय्य हवें होतें. राजा आपल्यासारखाच हातानें खातो, हें अमेरिकन जनतेस दिसावें, यांत यजमानांचें राजकारण नव्हतें असें मानण्याइतके आम्ही भोळे नाहीं.

आतां कोठें खावें तें सांगतों. प्रथम अर्थातच कोनी आयलंडचा तो कोपरा. ऑक्टोबर २०१२ मधील ‘सँडी’ वादळांत समुद्र त्या दुकानांत शिरला होता. पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडावर तें पुनः उघडलें. ४ जुलै रोजीं मात्र तिकडे जाऊं नये. त्या दिवशीं दहा मिनिटांत कोण अधिक हॉटडॉग गिळतो याची शर्यत असते. २०२१ सालीं एका गृहस्थानें ७६ गिळले. ही शर्यत १९१६ पासून चालत आली, असें वर्षानुवर्षें छापलें जाई. २०१० सालीं तिच्या एका जुन्या जाहिरातदारानें कबूल केलें कीं, ती परंपरा आपण मंडळींनीं १९७२ च्या सुमारास रचली. डॉक्टरांच्या डगल्याची गादी चालविणारे वारस मिळाले, एवढेंच म्हणावयाचें.

शहरांत बहात्तराव्या रस्त्यावर ब्रॉडवेच्या नाक्याशीं ‘ग्रेज पपाया’ हें १९७३ सालचें दुकान आहे. येथें हॉटडॉगबरोबर पपईचा रस देतात. हा मेळ गस पुलोस या ग्रीक मनुष्याच्या दुकानांतून आला. त्यानें १९३२ सालीं शहाऐंशीव्या रस्त्यावर फळांच्या रसाचें दुकान काढलें. आसपास जर्मन वस्ती, म्हणून पुढें सॉसेज ठेविलें. उष्ण देशांतील फळ, जर्मन पदार्थ, ग्रीक दुकानदार! आमच्या मतें न्यूयॉर्क शहर एका घांसांत कळावें अशी दुसरी जागा नाहीं. उभ्यानेंच खावें लागतें, हें वृद्धांनीं लक्षांत ठेवावें.

बर्गरासाठीं मॅडिसन स्क्वेअर बागेंतील ‘शेक शॅक’ पाहावें. २००१ सालीं त्या बागेंत कलाप्रदर्शनाच्या साहाय्यार्थ हॉटडॉगची एक गाडी लावली होती; तिच्यापुढें रांगा लागूं लागल्या, आणि २००४ सालीं तेथें कायमची टपरी झाली. तेथें अळंब्यांचा निरामिष बर्गरही मिळतो. आज तिच्या शाखा जगभर आहेत, आणि शाखा झाल्या कीं चव सारखी राहते पण जागेचा गुण जातो. मूळच्या झाडांखालींच खावें.

राहतां राहिल्या रस्त्यावरील गाड्या. त्यांवर पूर्वीं जर्मन, मग ग्रीक. आतां मिसरी व बंगाली मंडळी दिसतात. गाडीवाल्यांचें सुख लोकांस वाटतें तेवढें नाहीं. परवान्यांच्या संख्येवर महापालिकेनें १९८३ पासून मर्यादा घातली, आणि मूळचे थोड्या शुल्काचे परवाने काळ्या बाजारांत हजारों डॉलरांस भाड्यानें जाऊं लागले. परवाने वाढविण्याचा कायदा होण्यास २०२१ साल उजाडावें लागलें. सेंट्रल पार्कांतील प्राणिसंग्रहालयाजवळच्या एका गाडीच्या जागेसाठीं २०१३ सालीं वर्षाला २,८०,००० डॉलरांहून अधिक रक्कम द्यावी लागत होती. १९९० सालीं त्रेपन्नाव्या रस्त्याच्या नाक्यावर तिघां मिसरी गृहस्थांनींही अशीच हॉटडॉगची गाडी लावली. रात्रपाळीच्या मुसलमान टॅक्सीवाल्यांस पोटभर हलाल जेवण मिळत नाहीं हें पाहून त्यांनीं हॉटडॉग सोडले आणि कोंबडी-भात सुरू केला. आज त्या नाक्यावर रात्रीं उशिरां गेल्यास रांग दिसते, आणि तिच्यांत टॅक्सीवाल्यांहून इतरच अधिक असतात.