मोटारवाहनातील फ्यूज

मोटारवाहनातील फ्यूज किंवा वितळतार हा वाहनाच्या विद्युत मंडलात बसवलेला एक छोटा संरक्षक घटक आहे. मंडलातून ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त विद्युतप्रवाह वाहू लागला की फ्यूजमधील धातूची पट्टी तापून वितळते आणि प्रवाह खंडित होतो. बोलीभाषेत यास ‘फ्यूज उडणे’ किंवा ‘फ्यूज जाणे’ असे म्हणतात. फ्यूजचे मुख्य काम दिवा, हॉर्न वा रेडिओ वाचवणे हे नसून त्या उपकरणापर्यंत जाणाऱ्या तारांना अतितापापासून आणि वाहनाला आगीपासून वाचवणे हे असते. त्यामुळे उडालेला फ्यूज हा पुष्कळदा मूळ दोष नसून दुसऱ्या एखाद्या दोषाची खूण असतो.

कार्यतत्त्व

प्रवासी मोटारींत साधारणतः १२ व्होल्टची, तर जड ट्रक व बसगाड्यांत २४ व्होल्टची एकदिश विद्युतप्रणाली असते. विद्युतदाब कमी असला तरी बॅटरी काही क्षण शेकडो अँपिअर प्रवाह देऊ शकते. बहुतेक वाहनांत बॅटरीचे ऋण अग्र गाडीच्या धातूच्या सांगाड्याशी जोडलेले असते. धन अग्राकडून येणाऱ्या तारेचे आवरण फाटून ती सांगाड्याला टेकली, तर शॉर्ट सर्किट होऊन प्रवाह एकदम वाढतो. तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने प्रवाह तिप्पट झाल्यास उष्णता नऊपट होते. फ्यूजची पट्टी हा मंडलातील मुद्दाम ठेवलेला सर्वांत कमकुवत दुवा असतो; तार धोकादायक तापमानाला पोहोचण्यापूर्वी ती वितळते.

छोट्या फ्यूजांमधील पट्टी सहसा जस्ताची किंवा जस्ताच्या मिश्रधातूची असते. जस्ताचा वितळबिंदू सुमारे ४२० अंश सेल्सिअस आहे. फ्यूजवरील आकडा ओलांडताक्षणी तो उडतो, हा समज मात्र बरोबर नाही. पात्याच्या प्रमाणित फ्यूजमधून क्षमतेच्या १.३५ पट प्रवाह वाहिल्यास तो तुटण्यास १० मिनिटांपर्यंत वेळ लागू शकतो. दुप्पट प्रवाहास ५ सेकंदांपर्यंत, तर साडेतीनपट प्रवाहास अर्ध्या सेकंदापर्यंत वेळ लागतो. यामुळे मोटर सुरू होताना क्षणभर वाढणारा प्रवाह फ्यूज सहन करतो.

मंडलासाठी फ्यूज निवडताना उपकरणाची शक्ती भागिले विद्युतदाब या सूत्राने प्रवाह काढतात. उदाहरणार्थ, ५५ वॅटचा हेडलाइटचा दिवा १२ व्होल्टवर सुमारे ४.६ अँपिअर प्रवाह घेतो. त्यासाठी १० अँपिअरचा फ्यूज पुरेसा ठरतो. सतत वाहणारा प्रवाह फ्यूजच्या क्षमतेच्या सुमारे तीन चतुर्थांशापर्यंत असावा, असा सर्वसाधारण संकेत आहे. त्याच जागी १०० वॅटचा दिवा लावल्यास प्रवाह ८.३ अँपिअरवर जातो आणि हा संकेत मोडला जातो.

इतिहास

विजेच्या वितरणव्यवस्थेत वितळणाऱ्या तारेचा उपयोग एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू झाला. थॉमस एडिसन यांनी १८९० मध्ये अमेरिकेत फ्यूजच्या ठोकळ्याचे पेटंट मिळवले. मोटारींत प्रारंभी काचेच्या नळीतील फ्यूज वापरात होते. युरोपीय गाड्यांत चिनी मातीच्या किंवा प्लॅस्टिकच्या दांडीवर उघडी धातूची पट्टी बसवलेले, दोन्ही टोकांना निमुळते फ्यूज दीर्घकाळ प्रचलित होते. या उघड्या टोकांवर गंज चढून संपर्क सैल होत असे. १९७६ मध्ये अमेरिकेतील लिटलफ्यूज कंपनीने दोन चपट्या पात्यांचा, प्लॅस्टिकच्या आवरणातील फ्यूज बाजारात आणला. हाच प्रकार पुढे जगभर रूढ झाला.

प्रकार

पात्याचे फ्यूज आकारानुसार ओळखले जातात. नेहमीचा फ्यूज सुमारे १९ मिलिमीटर, मिनी फ्यूज सुमारे ११ मिलिमीटर, तर मोठ्या प्रवाहासाठीचा मॅक्सी फ्यूज सुमारे २९ मिलिमीटर रुंद असतो. त्याहून लहान मायक्रो फ्यूजही वापरले जातात. त्यांच्या एका प्रकारात तीन पाती व दोन स्वतंत्र पट्ट्या असतात. बॅटरीजवळचा मुख्य फ्यूज बहुधा स्क्रूने आवळलेला असतो. पात्याचे नेहमीचे फ्यूज ३२ व्होल्टपर्यंतच्या दाबासाठी बनवलेले असल्याने ते १२ व २४ व्होल्टच्या वाहनांत चालतात. घरगुती २३० व्होल्टच्या मंडलात ते वापरता येत नाहीत.

रंगसंकेत

फ्यूजची क्षमता त्याच्या माथ्यावर अँपिअरमध्ये छापलेली असते. नेहमीच्या व मिनी फ्यूजांचे प्रमुख रंग पुढीलप्रमाणे आहेत:

• ५ अँपिअर – फिकट पिवळसर तपकिरी
• ७.५ अँपिअर – तपकिरी
• १० अँपिअर – लाल
• १५ अँपिअर – निळा
• २० अँपिअर – पिवळा
• २५ अँपिअर – पारदर्शक किंवा पांढरा
• ३० अँपिअर – हिरवा
• ४० अँपिअर – नारिंगी

मॅक्सी फ्यूजांत काही रंगांचा अर्थ बदलतो; तेथे लाल रंग ५० अँपिअर आणि निळा रंग ६० अँपिअर दर्शवतो. म्हणून केवळ रंगावर विसंबून न राहता छापील आकडा पाहणे आवश्यक असते.

फ्यूज उडण्याची कारणे

तारेचे आवरण घासून किंवा फाटून होणारे शॉर्ट सर्किट हे प्रमुख कारण आहे. इंजिनाच्या कप्प्यात शिरलेले उंदीर तारा कुरतडतात, तसेच दिव्यांच्या किंवा जोडण्यांच्या आत पाणी शिरल्यानेही असा दोष उद्भवतो. वायपर किंवा खिडकीच्या काचेची मोटर अडकल्यास ती नेहमीपेक्षा बरीच जास्त वीज खेचते. मूळ तारेवर वाढीव दिवे, मोठा हॉर्न किंवा ध्वनिवर्धक जोडल्याने भार वाढतो. चार्जिंगच्या खोबणीत नाणे किंवा धातूचा तुकडा पडल्यास, अथवा चाकात हवा भरण्याचा जास्त क्षमतेचा पंप तेथे लावल्यास त्या खोबणीचा फ्यूज जातो.

तपासणी

एकाच फ्यूजवर अनेकदा दोन-तीन उपकरणे असतात. ती सर्व एकाच वेळी बंद पडल्यास फ्यूजचा संशय प्रथम घेतला जातो. उलट दोनपैकी एकच दिवा लागत नसेल, तर दिवा स्वतः गेलेला असण्याची शक्यताही तितकीच असते.

फ्यूज पेटी बहुधा दोन ठिकाणी असते: एक इंजिनाच्या कप्प्यात बॅटरीजवळ आणि दुसरी चालकापुढील डॅशबोर्डखाली किंवा त्याच्या बाजूस. कोणता फ्यूज कोणत्या उपकरणाचा, याचा नकाशा पेटीच्या झाकणावर किंवा वाहनासोबतच्या पुस्तिकेत दिलेला असतो. काही पेट्यांत प्लॅस्टिकचा चिमटा व सुटे फ्यूजही ठेवलेले असतात.

तपासणीच्या तीन पद्धती प्रचलित आहेत:

• डोळ्यांनी पाहणे – फ्यूज काढून उजेडात धरल्यास तुटलेली पट्टी दिसते. आतील भाग काळवंडला असल्यास तीव्र शॉर्ट सर्किटची शक्यता अधिक असते. पट्टीतील केसासारखी बारीक फट मात्र नजरेतून निसटू शकते.
• टेस्टर दिव्याने – फ्यूजच्या माथ्यावर दोन उघडे धातूचे ठिपके असतात. टेस्टरची तार सांगाड्याला जोडून व संबंधित मंडल चालू ठेवून दोन्ही ठिपक्यांना टोक लावतात. दोन्हीकडे दिवा लागल्यास फ्यूज चांगला, एकाच बाजूला लागल्यास तो उडालेला आणि कोठेच न लागल्यास फ्यूजपर्यंत वीज पोहोचत नाही, असे समजते.
• मल्टिमीटरने – बाहेर काढलेल्या फ्यूजचा रोध मोजतात. तो जवळपास शून्य असल्यास फ्यूज चांगला असतो.

फ्यूज सुस्थितीत असूनही उपकरण चालत नसल्यास रिले, स्विच, उपकरण किंवा सांगाड्याशी असलेली जोडणी तपासावी लागते.

बदलण्याची पद्धत

१. इंजिन, दिवे व इतर उपकरणे बंद करून चावी काढावी.
२. नकाशावरून योग्य फ्यूज शोधावा. अनेक फ्यूज काढायचे असल्यास मूळ मांडणीचे छायाचित्र घेऊन ठेवावे.
३. चिमट्याने फ्यूज सरळ वर ओढावा. धातूच्या पकडीने किंवा पेचकसाने उचकटल्यास शेजारच्या जोडणीला स्पर्श होऊ शकतो.
४. खाचेत गंज किंवा वितळलेले प्लॅस्टिक आहे का ते पाहावे. पट्टी शाबूत असून प्लॅस्टिक वितळले असल्यास सैल संपर्क हे कारण असू शकते.
५. त्याच आकाराचा व त्याच क्षमतेचा नवा फ्यूज पूर्णपणे आत दाबून बसवावा.
६. उपकरण चालू करून पाहावे. नवा फ्यूज लगेच उडाल्यास आणखी फ्यूज न लावता मंडलातील दोष शोधावा.

चुकीच्या दुरुस्तीचे धोके

घरातील चिनी मातीच्या जुन्या फ्यूजमध्ये तार बदलून तो पुन्हा वापरता येतो. याच सवयीने वाहनातील उडालेल्या फ्यूजवर तार गुंडाळणे किंवा खाचेत चांदी कागद बसवणे, असे प्रकार केले जातात. १० अँपिअरच्या जागी ३० अँपिअरचा फ्यूज लावणेही तितकेच घातक असते. अशा वेळी उपकरण चालू होते आणि दुरुस्ती झाल्याचा भास होतो. परंतु त्या मंडलातील तार मूळ क्षमतेनुसारच जाड असते. पुढील दोषाच्या वेळी फ्यूजऐवजी तारच तापते, तिचे आवरण वितळते, शेजारच्या तारा एकमेकींना चिकटतात आणि डॅशबोर्डमागे, चालकाच्या नजरेआड, आग लागू शकते.

योग्य फ्यूज हाताशी नसल्यास, तात्पुरती सोय म्हणून कमी क्षमतेचा फ्यूज वापरणे सुरक्षित असते. तो कदाचित लवकर उडेल, पण तारेला इजा होणार नाही. वाढीव उपकरणासाठी बॅटरीजवळ स्वतंत्र फ्यूज बसवून वेगळी तार ओढणे ही योग्य पद्धत मानली जाते.

एअरबॅगच्या मंडलाची तपासणी प्रशिक्षित तंत्रज्ञाकडूनच करून घेणे इष्ट असते. विद्युत व संकरित वाहनांतील शेकडो व्होल्टच्या मंडलात वेगळ्या प्रकारचे फ्यूज असतात. नारिंगी रंगाच्या केबलने ओळखल्या जाणाऱ्या या भागाला वाहनधारकाने हात लावू नये. अशा वाहनांतील दिवे, वायपर इत्यादींची कमी दाबाची मंडले मात्र सहसा नेहमीच्याच फ्यूजांवर चालतात.

हे सुद्धा पहा

• विद्युत मंडल
• रिले
• मल्टिमीटर
• विद्युत घट