द मिलियन पाउंड नोट (चित्रपट)

'द मिलियन पाउंड नोट' हा १९५४ साली प्रदर्शित झालेला ब्रिटिश विनोदी चित्रपट आहे. मार्क ट्वेन यांच्या १८९३ मधील लघुकथेवर तो आधारलेला असून त्याचे दिग्दर्शन रॉनल्ड नीम यांनी, तर पटकथालेखन जिल क्रेगी यांनी केले. अमेरिकेत तो 'मॅन विथ अ मिलियन' या नावाने प्रदर्शित झाला.

कथानक

१९०३ सालच्या लंडनमध्ये हेन्री ॲडम्स (ग्रेगरी पेक) हा अमेरिकी तरुण निष्कांचन अवस्थेत अडकून पडतो. ऑलिव्हर व रॉडरिक माँटपेलियर हे धनाढ्य बंधू त्याला दहा लाख पाउंडांची एकच नोट देतात. ती न मोडता केवळ तिच्या बळावर महिनाभर जगता येईल का, यावर दोघांची पैज लागलेली असते. नोट जशीच्या तशी परत केल्यास हेन्रीला हवी ती नोकरी मिळणार असते.

एवढ्या रकमेची मोड कोणाजवळच नसल्यामुळे शिंपी व हॉटेलवाले त्याला आनंदाने उधारी देतात. उमरावांची दारे त्याच्यासाठी उघडतात. त्याचे नाव जोडले जाताच सोन्याच्या एका खाणीचे समभागही वधारतात. पुढे नोट नाहीशी झाल्याची वार्ता पसरते आणि हेच लोक पैशांसाठी त्याच्यावर धावून येतात. नोट पुन्हा दृष्टीस पडताच सारे शांत होतात.

आशय

या सर्व काळात ती नोट एकदाही मोडली जात नाही. लोकांचा विश्वास हेच हेन्रीचे खरे भांडवल असते आणि तो विश्वास अफवेसरशी ढासळतो. पतीचा हा ठिसूळपणा चित्रपटातील विनोदाच्या मुळाशी आहे.