इटालियनपण : अमेरिकेत घडलेली ओळख

#थ्रेड #इतिहास

१/
१८८० ते १९२० या काळात चाळीस लाखांहून अधिक इटालियन अमेरिकेत उतरले. बहुसंख्य दक्षिण इटली व सिसिलीतले, गरीब शेतकरी-मजूर. पण मायदेश सोडताना त्यांच्यापैकी फार थोडे स्वतःला ‘इटालियन’ म्हणवत असत. ही ओळख त्यांना लाभली ती समुद्रापलीकडे.

२/
इटलीचे राज्य स्थापन झाले १८६१ साली. दक्षिणेतल्या शेतकऱ्याला ते भेटले कर आणि सक्तीची लष्करभरती या रूपांत. घरात सिसिलियन किंवा नेपल्सकडची बोली. प्रमाण इटालियन जवळजवळ परकीच. निष्ठा होती गावाशी. या गावनिष्ठेला ‘कांपानिलिस्मो’ म्हणतात. ‘कांपानिले’ म्हणजे चर्चचा घंटामनोरा.

३/
न्यूयॉर्कमध्येही एका गावचे लोक शक्यतो एकाच गल्लीत राहत आणि आपापल्या गावच्या संताचा उत्सव करीत. अमेरिकन शेजाऱ्याला मात्र हे भेद दिसत नव्हते. त्याच्या लेखी सारे ‘इटालियन’, आणि शब्दात तुच्छता भरलेली.

४/
ही तुच्छता जीवघेणीही ठरली. १४ मार्च १८९१ रोजी न्यू ऑर्लिन्समध्ये जमावाने तुरुंगात घुसून ११ इटालियनांना ठार केले. आरोप पोलीसप्रमुखाच्या खुनाचा होता. त्यांपैकी एकही दोषी ठरलेला नव्हता. पुढे १९२४ च्या कायद्याने इटलीचा वार्षिक कोटा चार हजारांच्याही खाली आणला.

५/
दुसऱ्या पिढीची कसोटी शाळेत लागली. आव्हिल्यानो गावचा लिओनार्ड १८९६ साली ईस्ट हार्लेममध्ये आला. आडनाव ‘कोव्हिएल्लो’, उच्चार सोपा व्हावा म्हणून शिक्षिकेने ते ‘कोव्हेल्लो’ केले. मुलाला त्यात काही वावगे वाटले नाही, वडील संतापले.

६/
आडनावे एलिस बेटावरील अधिकाऱ्यांनी बदलली, हा समज लोकप्रिय असला तरी खरा नाही. ते जहाजाच्या यादीवरून नावे पडताळत. बदल बहुधा नंतर झाले : शाळेत, कामावर, किंवा स्वतःच्या इच्छेने. शाळेत मुले आई-वडिलांची लाज बाळगायला शिकली, अशी खंत कोव्हेल्लो यांनी पुढे व्यक्त केली. न्यूयॉर्कच्या शाळांत इटालियन भाषेला स्थान मिळावे म्हणून ते झटले आणि १९३४ साली ईस्ट हार्लेममधील नव्या विद्यालयाचे मुख्याध्यापक झाले.

७/
दुसऱ्या महायुद्धात नागरिकत्व न घेतलेले सुमारे सहा लाख इटालियन ‘शत्रुदेशीय’ ठरले. विख्यात बेसबॉलपटू जो डिमॅजिओचे वडील मच्छीमार. सॅन फ्रान्सिस्कोच्या धक्क्यावर जाण्यास त्यांना मनाई झाली. हा शिक्का १२ ऑक्टोबर १९४२ रोजी, कोलंबस दिनी, पुसला गेला. पुढच्याच वर्षी जो सैन्यात दाखल झाला. शत्रूची भाषा बोलू नका, असे बजावणारी भित्तिपत्रके तेव्हा झळकत होती. अनेक घरांतून इटालियन मावळली.

८/
मुलगा जे विसरू पाहतो, ते नातू आठवू पाहतो, असा विचार इतिहासकार मार्कस ली हॅन्सन यांनी १९३८ साली मांडला. नातवाला धोका उरला नव्हता. उपनगरात घर, इतर वंशांत विवाह, स्थिर नोकरी. आता इटालियन असणे परवडत होते.

९/
समाजशास्त्रज्ञ हर्बर्ट गॅन्स यांनी १९७९ साली याला ‘प्रतीकात्मक वांशिकता’ म्हटले : सणाचे जेवण, मिरवणूक, पूर्वजांच्या गावाची सहल. रोजच्या जगण्यावर बंधन न घालणारी ओळख. हवी तेव्हा ल्यावी, नको तेव्हा उतरवावी. आजोबांना ही मुभा नव्हती.

१०/
२०२५ साली इटलीनेही पिढ्या मोजल्या. परदेशात जन्मलेल्यांना वंशपरंपरेने मिळणारे नागरिकत्व नव्या कायद्याने साधारणतः आजी-आजोबांच्या पिढीपर्यंत सीमित केले. पणतवंडांसाठी ती वाट बव्हंशी बंद झाली.

११/
पहिल्या पिढीवर ‘इटालियन’ हे नाव लादले गेले, दुसरीने ते लपवले, तिसरीने अभिमानाने मिरवले. शब्द तोच; अर्थ तीन. मधल्या पिढीने मुलांच्या भल्यासाठी भाषा घरातून काढून टाकली, म्हणून नातवाला आजीच्या हातचे पदार्थ ठाऊक राहिले. तिचे बोलणे मात्र त्याला कळेनासे झाले.

#समाप्त