पुलावरच्या पुंगळ्या

२० ऑगस्ट २०१३. पुण्यातल्या ओंकारेश्वराजवळच्या महर्षी विठ्ठल रामजी शिंदे पुलावर सकाळी फिरायला आलेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांवर दोघांनी जवळून गोळ्या झाडल्या आणि ते मोटारसायकलवरून निघून गेले. सकाळचे सव्वासात वाजून गेले होते. दाभोलकर ६७ वर्षांचे होते. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी त्यांनी सतत पाठपुरावा केला, त्याचा वटहुकूम त्यांच्या मृत्यूनंतर काही दिवसांतच निघाला. खुनाचा तपास मात्र वर्षानुवर्षे रखडला.

पुलावर रक्त होते आणि गोळीबाराच्या खुणा होत्या. पोलिसांच्या भाषेत हा मुद्देमाल. पंचनामा करून, पाकिटात घालून आणि लाखेचे सील लावून तो मुंबईतल्या कलिनाच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत जातो. तिथून पुढे बोलायचे असते ते धातूने.

धातू कसा बोलतो, याचा इतिहास शंभर वर्षांचा आहे. १९२५च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये फिलिप ग्रॅव्हेल आणि कॅल्व्हिन गोडार्ड यांनी दोन सूक्ष्मदर्शक एका भिंगाला जोडले, त्यामुळे दोन गोळ्या शेजारीशेजारी ठेवून पाहता येऊ लागल्या. १९२९मध्ये शिकागोतल्या व्हॅलेंटाइन दिनाच्या हत्याकांडात याच पद्धतीने बंदुका ओळखल्या गेल्या. बंदुकीच्या नळीत आतून आटे असतात. गोळी त्यांतून फिरत बाहेर पडते आणि त्यांचे ओरखडे अंगावर घेऊन जाते. मागे पडलेल्या पुंगळीच्या बुडावर फायरिंग पिनचा ठसा उमटतो, कडेला ती ओढून फेकणाऱ्या खिळीचा. जप्त केलेल्या पिस्तुलातून पाण्याच्या टाकीत किंवा कापसाच्या पेटीत गोळी झाडतात आणि तिचे ओरखडे घटनास्थळी मिळालेल्या गोळीशी ताडून पाहतात. गावठी कट्ट्याची नळी हाताने घडवलेली असते, म्हणून तिचे ओरखडे आणखीच वेगळे.

एक मात्र लक्षात ठेवायला हवे. दोन गोळ्यांचे ओरखडे जुळतात की नाही, हे शेवटी तज्ज्ञाची नजर ठरवते. २००९मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने नेमके यावरच बोट ठेवले: जुळणी किती खुणांवर मान्य करायची याचा ठरलेला मापदंड नाही आणि चुकीचे प्रमाण मोजलेले नाही. दाभोलकर प्रकरणात हा प्रश्न पुस्तकी राहिला नाही.

जानेवारी २०१४मध्ये पुणे पोलिसांनी दोन जणांना अटक केली. शस्त्रांच्या वेगळ्या गुन्ह्यात ठाणे पोलिसांनी त्यांना आधीच, ऑगस्ट २०१३मध्ये, पकडले होते. त्यांच्याकडून जप्त झालेल्या पिस्तुलाशी पुलावरच्या गोळ्यांच्या खुणा जुळतात, असे पोलिसांनी कलिनाच्या अहवालाच्या आधारे सांगितले. नव्वद दिवस उलटले तरी दोषारोपपत्र दाखल झाले नाही आणि दोघे जामिनावर बाहेर आले. मे २०१४मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तपास सीबीआयकडे सोपवला. सीबीआयच्या दोषारोपपत्रात ते दोघे आरोपी नव्हते.

मग त्या पिस्तुलाचे काय? १६ फेब्रुवारी २०१५ला कोल्हापुरात कॉ. गोविंद पानसरे आणि त्यांच्या पत्नी उमाताई यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. २० फेब्रुवारीला पानसरे गेले. त्याच वर्षी ३० ऑगस्टला धारवाडमध्ये प्रा. एम. एम. कलबुर्गी यांचा खून झाला आणि ५ सप्टेंबर २०१७ला बंगळूरमध्ये गौरी लंकेश यांचा. गोळ्या ७.६५ मिलिमीटरच्या. बंगळूरच्या प्रयोगशाळेने काही हत्यांमध्ये तेच पिस्तूल वापरले गेल्याचे मत दिले. पानसरेंवर दोन पिस्तुलांतून गोळ्या झाडल्या गेल्या. त्यातल्या एकाचा संबंध दाभोलकरांच्या खुनाशी जोडला गेला. हे खरे असेल, तर २०१३पासून पोलिसांच्या ताब्यात असलेले पिस्तूल दोन वर्षांनी कोल्हापुरात चालले कसे? दोन्ही निष्कर्ष एकाच वेळी बरोबर असणे शक्य नाही. वेगवेगळ्या प्रयोगशाळांच्या मतांतल्या या फरकाचे समाधानकारक उत्तर लोकांपुढे कधीच आले नाही, आणि ही गोष्ट अस्वस्थ करणारी आहे.

मुंबई आणि बंगळूरच्या मतांमध्ये मेळ नाही म्हणून सीबीआयने गोळ्या लंडनच्या स्कॉटलंड यार्डकडे पाठवायचे ठरवले. त्यात दीर्घ काळ गेला. त्यासाठी दोन्ही देशांत आवश्यक तो करार नसल्याचे नंतर समोर आले आणि मुद्देमाल गुजरातच्या प्रयोगशाळेकडे वळला. तोवर दाभोलकर कुटुंब सुनावणीमागून सुनावणी उच्च न्यायालयात हजर राहत होते.

२०१६च्या दोषारोपपत्रात सीबीआयने गोळ्या झाडणारे म्हणून दोन फरार इसमांची नावे दिली होती. दोन वर्षांनी ही गोष्टच बदलली. बदलाची सुरुवात झाली ती पालघर जिल्ह्यात.  तिथल्या नालासोपाऱ्यात ऑगस्ट २०१८मध्ये दहशतवादविरोधी पथकाने छापा टाकला आणि गावठी बाँब व स्फोटकांचा साठा जप्त केला. तिथे सापडलेल्यांत शरद कळसकर होता. त्याच्या चौकशीतून सचिन अंदुरेचे नाव पुढे आले. आता सीबीआयचे म्हणणे झाले की पुलावर गोळ्या झाडणारे हेच दोघे. मग आधी नावे दिलेल्या फरार दोघांबद्दल एवढी खात्री कोणत्या पुराव्यावर होती?

पिस्तुलांबद्दल सांगितले गेले की ती सुटी करून ठाण्याजवळच्या खाडीत फेकली. कोकण किनाऱ्यावरच्या माणसाला खाडी काय करते हे वेगळे सांगायला नको. भरती-ओहोटी दिवसातून दोनदा गाळ हलवते आणि खारे पाणी लोखंड खाते. नळीच्या आत गंज चढला की सूक्ष्मदर्शकाला हव्या असलेल्या बारीक रेघाच नाहीशा होऊ लागतात. परदेशी पाणबुडे आणि यंत्रे आणून शोध घेतला गेला. मार्च २०२०मध्ये गाळातून एक पिस्तूल निघाल्याची बातमी आली. पण शिक्षा त्या पिस्तुलाच्या बळावर झाली नाही.

शिक्षा झाली ती घटना डोळ्यांनी पाहणाऱ्या माणसांमुळे. सप्टेंबर २०२१मध्ये पुण्याच्या विशेष न्यायालयात आरोप निश्चित झाले आणि सरकार पक्षाने वीस साक्षीदार तपासले. त्या सकाळी पुलाजवळ काम करत असलेल्या महापालिकेच्या एका सफाई कर्मचाऱ्याने घटनेनंतर आठ वर्षांहून अधिक काळाने न्यायालयात उभे राहून अंदुरे आणि कळसकर यांना ओळखले. अहवालांवर अहवाल साचले, तरी खटला टिकला तो या माणसाच्या धैर्यावर. उलटतपासणीत तो डगमगला नाही, याची नोंद महाराष्ट्राने कृतज्ञतेने ठेवायला हवी.

१० मे २०२४ला न्यायाधीश पी. पी. जाधव यांनी दोघांना जन्मठेप सुनावली. उरलेले तिघे आरोपी पुराव्याअभावी सुटले. कटाचा आरोप सिद्ध झाला नाही आणि दहशतवादविरोधी कायद्याचे कलमही टिकले नाही. खुनामागचे खरे सूत्रधार दुसरेच कोणी आहेत, त्यांच्यापर्यंत पुणे पोलीस आणि सीबीआय पोहोचू शकले नाहीत आणि हे अपयश होते की कोणाच्या प्रभावाखाली जाणूनबुजून केलेली निष्क्रियता, याचा विचार यंत्रणांनी करावा, असे न्यायालयाने निकालपत्रातच म्हटले.

१ जुलै २०२४पासून लागू झालेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेने सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत घटनास्थळी न्यायसहायक तज्ज्ञ जाणे बंधनकारक केले आहे. पुंगळ्या अधिक काळजीने उचलल्या जातील. पण पुंगळी फार तर पिस्तुलापर्यंत नेते. पैसा कोणी दिला, पुण्यातला तो रस्ता आणि ती वेळ कोणी हेरली, नाव कोणी ठरवले, हे फोनच्या नोंदी, बँकेचे व्यवहार आणि माणसांचे जबाब यांतूनच कळते, आणि तेही वेळेत गोळा केले तर. पहिल्या काही महिन्यांत नेमके हेच निसटले. तिघांच्या सुटकेला दाभोलकर कुटुंबाने मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले आहे, आणि शिक्षा झालेल्या दोघांनीही अपील केले आहे.