मालिकांतील प्रेमकथा आणि पूर्वकथा : प्रेक्षक का रुसतो?

नायक-नायिकेचे लग्न केव्हा होणार, म्हणून महिनोन्महिने वाट पाहायची. आणि अक्षता पडून पंधरवडा उलटत नाही तोच त्या घरात तिसऱ्या व्यक्तीचे पाऊल पडलेले पाहायचे! दैनंदिन मालिकांच्या प्रेक्षकाला हा अनुभव नवा नाही. 'मालिकेत पाणी घालणे' हा वाक्प्रचार मराठी घराघरांत रूढ झाला तो यातूनच. प्रेक्षकांच्या नाराजीचा मोठा वाटा दोन गोष्टींकडे जातो. एक, प्रेमकथेची ताणाताण. आणि दुसरी, पात्रांचा ऐनवेळी बदललेला भूतकाळ.

शेवट न ठरलेली गोष्ट

दूरदर्शनच्या काळात तेरा भागांची साप्ताहिक मालिका हे रूढ प्रमाण होते. मनोहर श्याम जोशी यांनी लिहिलेली 'बुनियाद' (१९८६) त्याहून पुष्कळ मोठी होती. परंतु हवेलीराम आणि लाजो यांचे प्रेम, त्यांचा संसार आणि फाळणीची झळ हा प्रवास एका सलग आराखड्यात बांधलेला होता.

२००० नंतर दैनंदिन मालिकांचे युग स्थिरावले आणि हे गणित पालटले. अर्ध्या तासाच्या भागात जाहिराती वगळता साधारण वीस-बावीस मिनिटांचे कथानक, आठवड्यातून पाच किंवा सहा दिवस, आणि दर आठवड्याला हाती येणारा टीआरपी. पूर्वी 'टॅम' आणि २०१५ पासून 'बार्क' या संस्थेची आकडेवारी मालिकेचे आयुष्य ठरवू लागली. आकडे चांगले असतील तर मालिका संपवायची नाही, हा नियम झाला. ज्या गोष्टीचा शेवट ठरलेला नाही, तिच्यात प्रेमिकांचे मीलन ही अडचणच ठरते. कारण मीलन म्हणजे समाप्ती. मग अर्धवट ऐकलेले वाक्य, खोटे पत्र, अपघात, स्मृतिभ्रंश आणि 'ती' किंवा 'तो' यांची रांग लागते.

गाजलेली उदाहरणे

'क्योंकि सास भी कभी बहू थी' (२०००-२००८) ही मालिका १,८०० हून अधिक भाग चालली. २००१ च्या सुरुवातीस तिच्यात मिहिरचा मृत्यू दाखविण्यात आला. प्रेक्षकांत एवढी खळबळ उडाली, की त्याला परत आणावे लागले. मात्र तो परतला तो स्मृती हरवून! पुढे कथानकाने वीस वर्षांची झेप घेतली आणि छोट्या पडद्यावर 'लीप' हा शब्द रुळला. 'कसौटी जिंदगी की' (२००१-२००८) मधील अनुराग आणि प्रेरणा यांची ताटातूट तर वर्षानुवर्षे चालली आणि अखेरच्या भागात दोघांचाही मृत्यू झाला.

मराठीतही हेच दिसले. 'होणार सून मी ह्या घरची' (२०१३-२०१६) मधील श्री आणि जान्हवी यांच्यावर प्रेक्षकांनी मनापासून प्रेम केले. परंतु जान्हवीचे गरोदरपण इतके लांबले, की तो मोबाइलवरील विनोदांचा विषय झाला. 'माझ्या नवऱ्याची बायको' (२०१६-२०२१) मध्ये राधिकाने स्वतःच्या पायावर उभे राहावे, ही प्रेक्षकांची इच्छा पूर्ण झाली. त्यानंतरही गुरुनाथ आणि शनाया यांची कारस्थाने सुरूच राहिली.

भूतकाळाची उसनवारी

पूर्वकथा हे मुळात लेखकाचे समर्थ साधन आहे. पात्र आज असे का वागते, याचे उत्तर तिच्यात असते. ती आधीपासून पेरलेली असेल तर रहस्य उलगडताना मागील प्रसंगांना नवा अर्थ येतो. पण शेकडो भाग उलटल्यावर अचानक जुळा भाऊ, विस्मृतीत गेलेले लग्न किंवा कधी उल्लेखही न झालेले अपत्य अवतरले, तर आधीचे सारे खोटे ठरते. रोज मालिका पाहणाऱ्याची स्मरणशक्ती लेखकाच्या समजुतीपेक्षा तल्लख असते. तीन वर्षांपूर्वी कोण काय म्हणाले होते, हे घरातील आजीला नेमके ठाऊक असते.

दाद कुठे मागायची?

दूरचित्रवाहिन्यांवरील मनोरंजनाच्या कार्यक्रमांविषयी तक्रारींसाठी २०११ मध्ये प्रसारकांनी 'बीसीसीसी' ही स्वनियमन परिषद स्थापन केली. अश्लीलता, हिंसा, स्त्रियांचे अवमानकारक चित्रण यांसारख्या बाबी तिच्यापुढे मांडता येतात. कथानक रटाळ आहे, ही तक्रार मात्र कोणत्याही संहितेत बसत नाही. तिथे प्रेक्षकाच्या हाती उरतो तो फक्त रिमोट.

वेगळ्या वाटा

यावर उपाय नाही, असे मात्र नाही. सतीश राजवाडे दिग्दर्शित 'एका लग्नाची दुसरी गोष्ट' (२०१२) मध्ये तडजोड म्हणून झालेल्या लग्नातून घना आणि राधा यांचे प्रेम हळूहळू फुलले आणि त्याच वर्षी मालिकेने निरोप घेतला. 'रात्रीस खेळ चाले' (२०१६) ची सुरुवात अण्णा नाईकांच्या मृत्यूने झाली होती. त्यांची आणि शेवंताची पूर्वकथा २०१९ मध्ये स्वतंत्र दुसऱ्या पर्वात सांगण्यात आली. शेवट ठाऊक असूनही प्रेक्षकांनी ती आवडीने पाहिली.

दिवसभराची कामे आवरून एखादी गृहिणी किंवा निवृत्त गृहस्थ रोजचा अर्धा तास ज्या पात्रांना देतात, ती त्यांच्यासाठी शेजारपाजारची माणसे झालेली असतात. त्यांचा रुसवा लांबीवर नसतो, विश्वासभंगावर असतो. आकड्यांचा हिशेब मांडताना वाहिन्यांनी एवढे लक्षात ठेवले, तरी पुष्कळ साधेल.